रजिस्टरातला वाचक

आबासाहेब सायकलवरून उतरले तेव्हा शलमोन भिंगारदिवे अंगणात बसून कुळीथ निवडत होता. निवडण्यासारखं त्यात फार काही नव्हतं. एका माणसाच्या कालवणाला मूठभर कुळीथ पुरतात. पण हाताला काम असलं की दुपार सरते, हे त्याला गेल्या पाच महिन्यांत कळलं होतं.

आबासाहेब गावच्या वाचनालयाचे चिटणीस. गाव कोपरगावपासून चार मैलांवर, कालव्याच्या कडेला. आबासाहेबांचं घर गावठाणात, शलमोनचं अलीकडच्या ख्रिस्ती वाडीत. दोघांची ओळख पंचवीस वर्षांची, पण आबासाहेब वाडीत आजवर एकदाच आले होते, सप्टेंबरात, शलमोनच्या बायकोच्या, मरियाच्या मातीला. तेव्हा ते कुंपणापाशी उभे राहिले होते. आज ते सरळ अंगणात आले.

"बातमी कळली का, भिंगारदिवे?"

"कसली?"

"पेमगिरीकर गेले. सोमवारी, राजूरला. झोपेतच गेले म्हणतात."

शलमोनचा हात सुपातच थांबला. पेमगिरीकर राजूरच्या शाळेत मास्तर होते आणि पुस्तकं लिहायचे. डोंगर बोलतात, आंधळा घोडा सात घाट ओलांडतो, धरणाच्या पाण्याखाली एक राणी राज्य करते, असली पुस्तकं. जिल्ह्यात ती पोरंही वाचायची आणि नातवंडं झालेली माणसंही वाचायची. कुणी उघड सांगायचं, कुणी सांगायचं नाही एवढंच.

"वाईट झालं," शलमोन म्हणाला. मग सवयीनं त्याच्या मनात आलं, मरियाला सांगायला पाहिजे. असं दिवसातून एकदोनदा व्हायचंच.

"रविवारी चारला सभा ठेवलीय. ते आपल्या भागात दोनतीनदा येऊन गेले. ज्याला ज्याला भेटले, त्यानं उठून दोन शब्द बोलायचे. तुम्ही सगळ्यांत शेवटी. तुमच्यावर सभा संपवायची."

"मी काय बोलनार, आबासाहेब?"

"तुम्ही नाही तर कोण? काल रजिस्टर काढून बसलो होतो. पेमगिरीकरांचं असं एक पुस्तक नाही जे तुम्ही नेलं नाही. 'धरणाखालचं राज्य' तर नऊ वेळा. नऊ! अख्ख्या तालुक्यात असा वाचक दाखवा मला."

"नऊ येळा?" शलमोनला हे खरोखरच माहीत नव्हतं.

"बघा, मोजलंसुद्धा नाहीत तुम्ही. याला म्हणतात वाचक." आबासाहेबांनी सायकल वळवली. "आणि ती अठ्ठावन्न सालची भेट सांगा. पेमगिरीकरांनी तुमचा हात हातात घेतला होता. माझ्या डोळ्यांपुढं आहे अजून."

ते गेल्यावर शलमोन सूप मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. पेमगिरीकरांचं एकही पुस्तक त्यानं वाचलेलं नव्हतं. दुसऱ्याही कुणाचं वाचलेलं नव्हतं.

तो पाटकरी होता. कालव्याची दारं उघडायची, लावायची, कुणाच्या शेताला कधी पाणी याचे निरोप द्यायचे, हे काम त्यानं एकतीस वर्षं केलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. शाळा चौथीपर्यंत. पाणी किती फूट आहे ते मांडता यायचं, पाण्याच्या पाळीचा कागद वाचता यायचा, तेवढ्यावर नोकरी निभली. मरिया मात्र नगरला मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात सातवी शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत चार लुगडी, एक बायबल आणि दोन गोष्टींची पुस्तकं होती. ती दोन पुस्तकं तिनं फाटेपर्यंत वाचली.

सत्तेचाळीस साली वाचनालय निघालं. नियम असा होता की सभासद घरातला कर्ता पुरुष. बाईला पुस्तक पाहिजे असेल तर त्याच्या नावावर न्यायचं. तशी कुठली बाई वाचनालयाची पायरी चढतही नव्हती. मरिया म्हणाली, "अहो, तुमचा रस्ता तिकडूनच जातो ना? एवढी चिठ्ठी द्या तिथं." चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि खाली 'श. या. भिंगारदिवे', तिच्याच सुबक अक्षरात.

शलमोननं ओट्याखाली उभं राहून चिठ्ठी वर धरली. आबासाहेब तेव्हा तरुण होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, मग त्याच्या खाकी सदऱ्याकडे बघितलं.

"तुम्ही वाचता?"

खरं तोंडाशी आलं होतं. पण लगेच आबासाहेब म्हणाले, "अहो मग खाली काय उभे? या. वर या. बसा."

वाडीतल्या माणसाला त्या ओट्यावर आजवर कुणी 'या' म्हटलं नव्हतं. शलमोन वर गेला आणि बसला. पहिल्या वर्षी पायरीवर, मग बाकावर, मग खुर्चीवर. चहा आला की सगळ्यांच्या कपांतला एक कप त्याच्यापुढं यायचा.

घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा मरिया डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "असू द्या," ती म्हणाली. "मला पुस्तक मिळतंय, तुम्हाला खुर्ची मिळतेय. कुणाचं काय गेलं?"

पण आबासाहेबांना नुसतं पुस्तक देऊन चैन पडायचं नाही. त्यांना बोलायला माणूस पाहिजे होता. गावात कादंबऱ्या वाचणारं दुसरं कुणी नव्हतं आणि घरात त्यांच्या पुस्तकांना रद्दी म्हणायचे. "कसं वाटलं?" असं ते दर गुरुवारी, पुस्तक बदलताना विचारायचे. मग शलमोन आदल्या संध्याकाळी मरियाला विचारून घ्यायचा. ती चुलीपुढं बसून एखादं वाक्य सांगायची आणि तो ते घोकत सायकल हाकायचा, पाळीचा निरोप घोकावा तसं. वाचनालयात पोचला की म्हणून टाकायचा. आबासाहेब मांडीवर थाप मारायचे. "वा! हे मला सुचलंच नव्हतं!" मग ते काहीतरी उलट बोलायचे, ते हा घरी आणायचा. निरोप पोचला की डोकं रिकामं करायचं ही त्याची कामातली सवय. नाहीतर दुसऱ्या शेतकऱ्याचा निरोप पहिल्यात मिसळतो आणि भलत्याच्या उसाला पाणी जातं.

अशी चोवीस-पंचवीस वर्षं गेली. एवढ्या काळात एकच निरोप त्यानं पोचवला नाही.

अठ्ठावन्न साली पेमगिरीकर वाचनालयात आले. मरिया पण आली, बायकांबरोबर मागं दाराशी बसली. निघताना तिनं शलमोनला सांगितलं होतं, "तुम्हाला पुढं बोलावतील. एवढंच सांगा त्यांना, की धरणाखालच्या राज्यात राणी दार उघडते ते चुकलंय. ती एका दमात सगळं दार उचलते. असं कुणी करत नाही. तुम्ही कधी करता का?" शलमोन म्हणाला, "खुळा हाय का मी? कालवा फुटंल."

त्याला पुढं बोलावलं. पेमगिरीकर बारीक अंगाचे, काळ्या कोटातले, जरा बुजरे गृहस्थ होते. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. काय काम करता म्हणून विचारलं. पाटकरी म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले.

"अरे वा, पाण्याचा माणूस! मग मला सांगा, राणी दार उघडते ते मी बरोबर लिहिलंय का? तुमच्यासारख्यालाच विचारायचं होतं."

निरोप ओठांवर होता. पण गळ्यात हार घातलेला एवढा मोठा माणूस, सगळं गाव समोर, आणि आपण त्यांना चुकलात म्हणायचं? पुस्तकातली ओळ दाखवा म्हणाले तर?

"बरोबर हाय," शलमोन म्हणाला.

पेमगिरीकरांनी मान डोलावली. टाळ्या झाल्या. परतीच्या वाटेवर कालव्यापाशी मरियानं विचारलं, "बरोबर म्हणालात?"

"व्हय."

"बरं." मग दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी लिहून त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली. त्या गोष्टीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

मरियाच्या मातीला पाळक साहेब चांगलं बोलले. सालस, कष्टाळू, देवळात गायला पुढं, पुण्यात नर्स असलेल्या रोझीची आई. ती वाचायची हे कुणी बोललं नाही. पाळक साहेबांना जादूची पुस्तकं पसंत नव्हती, आणि बाकीच्यांना माहीत नव्हतं. माहीत असलेला एकटा शलमोन, आणि तो खाली बघत उभा होता. खड्डा बुजवून माणसं पांगली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तिच्यातलं अर्धं माणूस सांगायचं राहिलं.

आता ते रविवारच्या सभेत सांगायचं, असं त्यानं ठरवलं. चार दिवस तो तेच घोकत होता.

सभेला चाळीसेक माणसं होती. पेमगिरीकरांचा फोटो मिळाला नव्हता. आबासाहेबांनी 'धरणाखालचं राज्य' हे पुस्तक टेबलावर उभं करून त्यालाच हार घातला होता. शलमोनची खुर्ची पहिल्या ओळीत.

आधी छगन उठला. त्याचं स्टँडावर चहाचं दुकान. "मी काय त्यांचं वाचलेलं न्हाई फार. पर ते माझ्या हाटेलात च्या प्याले आन् छत्री इसरले. मी पळत गेलो गाडीपातुर. तर म्हनले, 'राहू द्या, पाऊस आला की मी येईन न्यायला.' आता बोला! चौदा वरीस झाली. पाऊस किती आला न् गेला. औंदा तर त्योबी न्हाई. छत्री हाय माझ्याकडं. कुनाला द्यायची, सांगा?"

माणसं हसली.

कानिफनाथ शिंप्यानं कोटाचा खिसा सांगितला. "आतल्या बाजूला खिसा पाहिजे म्हणाले, एक वही आणि दोन केळी मावतील एवढा. म्हटलं, गुरुजी, कोट एका अंगाला लोंबंल. तर म्हणतात, 'लोंबू द्या, मी त्याच बाजूला कलतो.' शिलाई घेतली नाही मी. तेवढंच माझं त्यांच्याशी बोलणं. पण कोट शिवायला घेतला की अजून आठवतात."

मुलींच्या शाळेतल्या पुष्पावती बाई संगमनेर-अकोले गाडीत त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. "तासभर आम्ही एक शब्द बोललो नाही. मला माहीत होतं हे कोण आहेत, आणि माझ्या पिशवीत त्यांचंच पुस्तक होतं. काढायला लाज वाटली. उतरताना तेच म्हणाले, 'बाई, तुम्ही खिडकी दिलीत म्हणून मला मळमळलं नाही.' एवढंच. मी पुस्तक काढलंच नाही हो. कितीदा वाटतं, काढायला पाहिजे होतं."

"आणि आता," आबासाहेब म्हणाले, "ज्यांच्यासारखा वाचक पेमगिरीकरांना क्वचित मिळाला असेल, ते आपले भिंगारदिवे."

टाळ्या पडल्या. शलमोन उठला. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"ही पुस्तकं मी वाचलेली न्हाईत," तो म्हणाला.

लोक हसले. "बघा," आबासाहेब म्हणाले, "एवढं वाचून माणूस म्हणतो वाचलं नाही. याला नम्रता म्हणतात."

"नम्रता न्हाई, आबासाहेब. खरंच न्हाई वाचली. एकबी न्हाई."

आता कुणी हसलं नाही.

"माझ्या नावावर नेली, पर वाचली माझ्या बायकोनं. मरिया शलमोन भिंगारदिवे. बाईमानसाच्या नावानं कार्ड व्हत न्हवतं. चिठ्ठी तिची, अक्षर तिचं. मी नुस्ता नेऊन द्यायचो. ती सप्टेंबरात गेली. तवा तुमी जे रजिस्टरात बघितलं, नऊ येळा का किती, ते समदं तिचं हाय."

मागून कानिफनाथचा आवाज आला, "आन् मग पंचवीस वर्षं खुर्चीवर काय करत होता तुम्ही?"

"बसलो हुतो," शलमोन म्हणाला.

एकदोघं फिसकन हसले. शलमोनला राग आला नाही. विचारण्यासारखंच होतं ते.

"अठ्ठावन्नला त्यांनी मला इचारलं, राणी दार उघडती ते बरोबर लिवलंय का. तिनं मला सांगून धाडलं हुतं, चुकलंय म्हून सांगा. मी बरोबर म्हनलो. भ्यालो. तर आता सांगतो. कालव्याचं दार कदी एकदम उचलत न्हाईत. आदी चार बोटं उचलायचं. पानी पुढच्या मोरीला लागू द्यायचं. कानानं ऐकायचं, आवाज बदलतो. मग वीतभर. मग परत थांबायचं. घाई केली तर पानी भराव घेऊन जातं. राणीनं बी तसंच करायला पायजे हुतं. हे तिचं म्हननं हुतं. पंधरा वर्सं उशीर झाला."

तो थांबला. पुष्पावती बाई पुढं झुकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अजून काय म्हणायच्या त्या? कोणतं पुस्तक आवडायचं? कोण आवडायचं त्यातलं?"

शलमोननं तोंड उघडलं. पंचवीस वर्षं दर गुरुवारी एक वाक्य, म्हणजे किती झाली? घोकून घोकून नेली होती त्यानं. पण नेली आणि टाकली. मरिया चुलीपुढं बसून बोलतेय एवढं दिसत होतं. फुंकणी दिसत होती, जाळानं लाल झालेलं तोंड दिसत होतं. शब्द एकही नव्हता.

"मला न्हाई आठवत, बाई," तो म्हणाला. आणि खाली बसला.

आबासाहेबांनी आभार मानले. भिंगारदिव्यांचं नाव घेताना त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. माणसं उठली. जाताना कुणी शलमोनच्या खांद्याला हात लावला, कुणी बाजूनं निघून गेलं. पुष्पावती बाई म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत," आणि त्याही गेल्या.

सगळे गेल्यावर आबासाहेब खुर्च्या गोळा करू लागले. शलमोननं एक उचलली.

"ठेवा ती," आबासाहेब म्हणाले.

शलमोननं ठेवली.

"गावात एक माणूस होता भिंगारदिवे, ज्याच्याशी मी बोलत होतो. फक्त एक. बाकी सगळे ऊस आणि सोसायटी. घरी माझा मुलगा मला काय म्हणतो माहीत आहे तुम्हाला. गुरुवार आला की मी वाट बघायचो तुमची. पंचवीस वर्षं! तुमचं गेल्या वर्षी येणं कमी झालं तेव्हा मला वाटलं, याला माझा कंटाळा आला."

"ती आजारी हुती."

"ते आता कळतंय." आबासाहेब बाकावर बसले. "मग मी कुणाशी बोलत होतो इतकी वर्षं?"

"तिच्याशी."

आबासाहेबांनी वर बघितलं.

"तुमी इचारायचा, मी घरी जाऊन तिला सांगायचो. ती काय म्हनंल ते तुमाला येऊन सांगायचो. माझं मधी कायच न्हवतं."

बाहेर स्टँडावर कोपरगावची गाडी लागल्याचा आवाज आला. आबासाहेबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. राग होता तो गेला. त्याच्या जागी आलं ते शलमोनला नीट ओळखता आलं नाही.

"आंधळ्या घोड्याबद्दल तुम्ही... त्या एक बोलल्या होत्या," आबासाहेब म्हणाले. "पन्नास-एक्कावन्न साल असेल. 'तो आंधळा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही, म्हणून तो घाट चढला. सांगितलं असतं तर पहिल्याच वळणावर बसला असता.' मी हे नगरच्या संमेलनात एकाला ऐकवलं होतं, आमचे एक पाटकरी असं म्हणतात म्हणून."

"असं म्हनली हुती?"

"तुम्हीच सांगितलंत मला! इथं उभं राहून!"

"असंल. अजून काय म्हनली?"

शलमोन त्यांच्यासमोर बाकाच्या टोकावर बसला. आबासाहेबांनी डोळे मिटले.

"म्हणाल्या, पेमगिरीकरांच्या राजाला जेवायला कोण वाढतं ते एकाही पुस्तकात नाही. शंभर पानं माणसं उपाशीच लढतात."

शलमोन हसला. हे तिचंच. आवाजसुद्धा ऐकू आला.

"बुडालेल्या गावाबद्दल म्हणाल्या होत्या. पाण्याखाली घरं, देऊळ, जातं, सगळं जागच्या जागी आहे, पण कुत्रं एकही नाही. गाव बुडताना कुत्री आधी निघून जातात हे लिहिणाऱ्याला माहीत आहे, तेव्हा तो धरणाच्या जवळपास राहत असणार. आणि तेव्हा ते राजूरचे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं! मी चकित झालो होतो."

"पुढं?"

"चेटकिणीबद्दल. ती वाईट नाही, म्हणाल्या. तिच्याकडे सगळे कामापुरते येतात, तू कशी आहेस म्हणून एकजणही विचारत नाही." आबासाहेब थांबले. "मग ते भावांचं. दोघं भाऊ भांडत नाहीत हे बरं केलं, म्हणाल्या, खरे भाऊ भांडत नाहीत, बोलायचं बंद करतात."

शलमोन बोटं मोजत होता. पाच झाली.

"आणि एकदा मी विचारलं, तेच पुस्तक परत परत काय नेता? तर उत्तर आणलंत दुसऱ्या गुरुवारी. 'शेवटचं पान मी वाचत नाही. ठेवून देते. मग पुढच्या वेळी ते पुस्तक नवंच असतं.' तुम्ही 'ठेवून देतो' म्हणाला होता अर्थात." आबासाहेबांनी टेबलावरच्या पुस्तकाकडं बघितलं. "म्हणजे त्यांनी शेवट वाचलाच नसेल की काय?"

"काय म्हाईत," शलमोन म्हणाला. खरंच माहीत नव्हतं.

"अजून असतील. डोक्यात आहेत कुठंतरी. पण आत्ता एवढीच सुचतायत."

"सा झाली."

"हो. सहा." आबासाहेब उठले आणि खिडक्या लावू लागले. मग पाठमोरेच म्हणाले, "गुरुवारी येत जा. मी आठवून ठेवीन."

"मी काय बोलनार तुमच्याशी?"

"ते मलाही माहीत नाही," आबासाहेब म्हणाले.

शलमोन बाहेर आला. दिवस मावळायला आला होता. सायकलवर बसलं की लक्ष खड्ड्यांकडं जातं, म्हणून तो हँडल धरून चालतच निघाला. ओठ हलत होते. घोडा, राजाचं जेवण, कुत्री, चेटकीण, भाऊ, शेवटचं पान. परत घोडा. दुकानातून छगननं हाक मारली, "भिंगारदिवे, च्या घ्या की! एवढं खरं बोललात, घसा सुकला आसंल!" शलमोननं नुसता हात हलवला. बोललं की निरोप सांडतो, हे त्याला एकतीस वर्षांचं ठाऊक होतं.

गावठाण संपलं. दोन्ही बाजूंची रानं मोकळी पडलेली. औंदा पीक कुणाचंच नव्हतं. कालव्याच्या मोरीवर वाडीतली रंगुबाई हंडा घेऊन उभी होती. खाली पात्रात भेगा पडल्या होत्या.

"भावजी, पाळी कवा सुटनार हाय वं?"

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पाण्याचं लोक त्यालाच विचारत. त्यानं ओठ मिटून मान हलवली.

"आवं, सांगा की! तुमाला ठावं असंल. माझी दोन शेरडं ऱ्हायलीत नुस्ती. इकू का ठिवू?"

बाई विचारत होती आणि शेरडांचा प्रश्न होता. गप्प कसं राहायचं?

"मार्चाच्या आत न्हाई सुटत, रंगुबाई. सुटलं तर पिन्यापुरतं. एक इका, एक ठिवा."

"आसं म्हनता?"

"व्हय. आन् हंडा हितं नका आनू, पाटलाच्या हिरीवर जा. तितं सकाळचं शेंदू देत्यात."

ती गेली. शलमोन वाडीत शिरला, सायकल भिंतीला लावली, कुलूप काढलं. आत अंधार होता. कंदील लावण्याआधी तो तसाच उंबऱ्यावर बसला आणि डाव्या हाताच्या बोटांवर मोजू लागला. घोडा. राजाला जेवायला कोण वाढतं. कुत्री. भाऊ बोलायचं बंद करतात. शेवटचं पान.

पाच. परत मोजली. पाचच.

शेजारच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. त्यानं डोळे मिटले. मघाशी आबासाहेबांनी डोळे मिटले होते तसे. घोडा, राजा, कुत्री. कुत्र्यांनंतर काहीतरी होतं. एक बाई होती त्यात. तिचं काहीतरी होतं. काय होतं ते कुठंच सापडेना.

मग तो उठला. कुलूप परत लावलं, सायकल काढली आणि गावाकडं वळवली. वाचनालय आता बंद झालं असणार. पण आबासाहेबांचं घर त्याला माहीत होतं, मारुतीच्या देवळामागं, निळ्या दाराचं. पंचवीस वर्षांत तो तिथं कधी गेला नव्हता. या खेपेला तो सायकलवर बसला आणि जोरात पायडल मारू लागला. बाकीची पाच आबासाहेबांच्या दारात पोचेपर्यंत टिकायला पाहिजेत, एवढंच त्याच्या मनात होतं.